एकशे दहा मीटरवरचा वारा

१८ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला, म्हणून तो भाग सोडून दिला. सहा वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामासाठी. जुनं काही उकरायचं नाही. फोन केला असता, पण माझा नंबर बघून तू उचलला नसतास. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

प्रश्न तुझ्या खात्यातला आहे. हवामान खात्यातल्या माणसाला मी आपणहून विचारेन असं मला कधी वाटलं नव्हतं. "आभाळाकडे बघून पगार घेतात" असं मीच म्हणायचो. असो.

आमची इमारत तेहतीस मजल्यांची आहे. बावीस झालेत. साइटवरच्या मोठ्या क्रेनच्या सुरक्षिततेचा इंजिनिअर मी. क्रेनच्या शेंड्यावर, जमिनीपासून एकशे दहा मीटरवर, वारा मोजायचं यंत्र बसवलेलं आहे. तीन वाट्या गरगर फिरतात. साइटवर सगळे त्याला भिरभिरं म्हणतात. वारा ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर गेला की भिंतीची मोठी पॅनेलं उचलायची नाहीत, असा नियम आहे.

आता ऐक. महिनाभर आभाळ स्वच्छ आहे. सकाळी साडेसहाला भिरभिरं एक्केचाळीस दाखवतं, कधी चव्वेचाळीस. त्याच वेळी खाली झाडाचं पान हलत नाही. मी हातातल्या मीटरने मोजलं: तीन. मग साडेनऊ-दहाला खाली वारा सुटतो, धूळ उडते, नकाशे धरून ठेवावे लागतात. आणि बरोबर तेव्हाच वरचा आकडा उतरतो, अठ्ठावीस, सव्वीस. म्हणजे आम्हाला वारा नसतो तेव्हा त्याला असतो, आणि आम्हाला सुटतो तेव्हा त्याचा ओसरतो. असं आडमुठं यंत्र मी पाहिलं नाही. बदलून नवं बसवलं. काल ते चालू झालं आणि आज सकाळी नव्यानेही बेचाळीस दाखवले.

दोन वेगळी यंत्रं एकच खोटं बोलत नाहीत, एवढं मलाही कळतं. मग हे काय आहे? शंभर मीटरमध्ये इतका फरक पडू शकतो का? एका ओळीत कळवलंस तरी चालेल. निव्वळ कुतूहल म्हणून विचारतोय.

अभियंता (सुरक्षा), क्रेन विभाग


२७ जानेवारी

ताई,

नऊ दिवस झाले. तुमच्या कार्यालयात फोन केला. जी बाई बोलली तिने सांगितलं, "मॅडमना तुमचं पत्र दिलंय, त्यांनी वाचलंय." म्हणजे मिळालं, वाचलं आणि ठेवून दिलं. छान.

तुझा वेळ जाऊ नये म्हणून सोबत छापील कागद जोडलाय. प्रश्न: स्वच्छ आभाळाच्या सकाळी शंभर मीटरवर जोराचा वारा आणि जमिनीवर शांतता, असं एकाच वेळी घडू शकतं का? खाली दोन चौकटी आहेत, होय आणि नाही. एकीत खूण कर. पाकिटावर तिकीट लावलंय, पत्ता लिहिलाय. याहून सोपं मला करता येत नाही. कंत्राटदारसुद्धा माझ्या कागदांना इतका वेळ लावत नाहीत.

उत्तर येईना म्हणून मी स्वतःच उद्योग केला. गॅसचे फुगे आणले, सहा. सकाळी सहा चाळीसला गच्चीवरून सोडायचे आणि वाकतात कुठे ते बघायचं. हिला घड्याळ धरायला सांगितलं. ही म्हणाली, "लग्नाला तेरा वर्षं झाली, फुगे आज आणलेस. तेही सोडून द्यायला."

पहिला फुगा डिशच्या तारेत अडकला. दुसऱ्यातला गॅस रात्रीत निघून गेला होता, तो माझ्या पायाशीच लोळला. तिसरा मात्र सरळ वर गेला. दोरी लावून सोडल्यासारखा सरळ. ही मोजत होती: दहा, वीस, तीस. पस्तीसच्या आसपास कुणीतरी हिसका द्यावा तसा तो आडवा पडला आणि पुलाच्या दिशेने निघून गेला. चौथा तसाच. पाचवाही. हिने घड्याळ खाली केलं. "हे बघ," म्हणाली, "वर कुणीतरी आहे."

मला त्या फुग्याचा एवढा राग आला की सांगता सोय नाही. कारण मी तीस वर्षं त्याच आभाळाखाली चालतोय, आणि डोक्यावर एवढं काही चाललेलं असतं ते एकदाही दिसलं नाही. शेजारच्या लाँड्रीच्या धुराड्याचा धूर रोज माझ्यासमोर तेच करतो, काठीसारखा वर जातो आणि पंधराव्या मजल्याच्या उंचीला मोडून आडवा होतो. मी तो बघत बघत चहा प्यायचो.

साइटवर थोडी गडबड झाली आहे, म्हणून घाई करतोय. खूण कर.

तुझा भाऊ


३ फेब्रुवारी

ताई,

पाकीट आलं. हात धुऊन, खुर्चीवर बसून उघडलं. म्हटलं, सहा वर्षांनी बहिणीचं अक्षर बघायला मिळणार.

दोन्ही चौकटी रिकाम्या. वर तिरकी रेघ, आणि त्यावर तुझ्या अक्षरात: "प्रश्न अपुरा. खालचं आणि वरचं तापमान?" बस. ना 'कसा आहेस', ना सही.

मी तो कागद चुरगाळून फेकला. मग ही झोपायला गेल्यावर टोपलीतून काढून पुन्हा सपाट केला. तापमान! मी वाऱ्याबद्दल विचारतोय आणि तू तापमान मागतेस. बाबा म्हणायचे ते खरं होतं, तुला वाट विचारली तर तू विचारायचीस, "चपला कुठल्या घातल्यायस?"

बरं. अपुरा प्रश्न म्हणतेस तर पुरा सांगतो. गडबड म्हणजे अपघात झाला आहे. १४ जानेवारीला, सकाळी सहा पन्नासला. माझ्या पहिल्या पत्राच्या चार दिवस आधी. तेव्हा मी "निव्वळ कुतूहल" लिहिलं होतं, ते खरं नव्हतं.

अडीच टनाचं पॅनेल बाविसाव्या मजल्यावर चढवत होते. वर गेल्यावर ते वाऱ्याने फिरलं, दारासारखं, आणि त्याचा कोपरा फिटरच्या खांद्यावर बसला. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. माणूस वाचला, कारण तो मागे पडला, बाहेर पडला असता तर संपलंच होतं.

मी दवाखान्यात जाऊन आलो. तो पलंगावर पट्टे बांधून बसलेला. मला बघून उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "साहेब, मी नीट उभा होतो," म्हणाला. "शपथेवर सांगतो. मी खालून वर आलो तेव्हा वारा मुळीच नव्हता. बाविसाव्यावर गेलो तर टोपी उडाली. मला वाटलं, उंचीवर असतोच थोडा."

"कुणाला सांगितलंस?"

"सांगायला काय, सगळ्यांनाच लागत होता." मग म्हणाला, "माझी चूक धरणार का?"

त्याची चूक कुणी धरलेली नाही. धरलीय ती क्रेन चालवणाऱ्याची. साइटवर सगळे त्यांना मामा म्हणतात. एकोणतीस वर्षं क्रेनच्या खोक्यात बसून काढली आहेत त्या माणसाने. "भार निष्काळजीपणे हाताळला" असा शेरा मारून त्यांना घरी बसवलंय. चौकशी १५ तारखेला आहे. म्हणून मला उत्तर हवंय. उशीर करू नकोस. तू उशिरा आलीस की काय होतं ते आपल्या घराने एकदा बघितलंय, आणि तो विषय मी काढणार नव्हतो, पण निघाला.

धाकटा


९ फेब्रुवारी

ताई,

घे तुझं तापमान. परवा सकाळी साडेसहा वाजता: जमिनीवर नऊ अंश, क्रेनच्या खोक्यात साडेतेरा. उलटं आहे ना? डोंगरावर जावं तसं गार होत जातं असं शाळेत शिकलो होतो. एकच थर्मामीटर असता तर तोही बिघडलाय म्हटलं असतं. सवय आहे मला. म्हणून दोन नेले होते, खाली शेजारी ठेवून जुळवून घेतले होते.

हो, मी स्वतः वर गेलो. आठ वर्षं क्रेनच्या सुरक्षिततेच्या कागदांवर सह्या करतोय आणि आजवर शिडीने खोक्यापर्यंत एकदाही चढलो नव्हतो. कुणाला सांगू नकोस. सांगायला तू कुणाशी बोलतेस म्हणा.

मामांच्या जागी आलेला नवा ऑपरेटर म्हणाला, "या की, पण शिडीवर खाली बघू नका." मी खालीच बघत गेलो. पंधराव्या मजल्याच्या उंचीपर्यंत काही नव्हतं. हवा थंड, जड, साचलेल्या पाण्यासारखी. माझ्याच घामाचा वास येत होता. आणि मग चार पायऱ्यांमध्ये, ताई, फक्त चार पायऱ्यांमध्ये, कानात एकदम वारा भरला. उबदार वारा. शर्ट फडफडायला लागला. मी परत चार पायऱ्या उतरलो. शांत. परत चढलो. वारा. वेड्यासारखं तीनदा केलं. वरून ऑपरेटर ओरडला, "साहेब, चढताय की उतरताय? एकदा काय ते ठरवा!"

वरून शहर दिसलं. सगळ्या धुराड्यांचे धूर एकाच उंचीला मोडलेले होते, सगळीकडे एकच सपाट राखाडी छत, आणि माझं डोकं त्या छताच्या वर. खाली लोक स्कूटरी काढत होते, दुकानांची शटरं उचलत होते. त्यांना काही पत्ता नाही. भिरभिरं माझ्या डोक्यावर चार हातांवर गरगरत होतं. त्रेचाळीस.

मग मी वाचनालयात जाऊन दोन दिवस पुस्तकं उलटली आणि माझं मला कळलं ते असं. चूक असेल तर सांग. स्वच्छ आभाळाच्या रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते. जमीन गार, तिला चिकटलेली हवा गार. गार हवा जड, ती टाकीच्या तळाच्या पाण्यासारखी तळाशी बसते. वरचा वारा त्या थरावरून घसरत जातो. खाली घरं, झाडं, भिंती त्याला अडवत असतात, ते अडवणं सुटतं आणि तो मोकळा पळतो. सकाळी ऊन लागलं की तळ तापतो, हवा ढवळली जाते, वरचा वारा खाली येतो. म्हणून साडेनऊला आमचे नकाशे उडतात आणि वरचा आकडा उतरतो. तू तापमान का विचारलंस ते कळलं. एका वाक्यात तूच सांगितलं असतंस तर माझे गुडघे वाचले असते.

आता उरलेलं. हे लिहायला तीन दिवस टाळलं.

अपघाताच्या सकाळी मामांनी वॉकीटॉकीवर स्पष्ट सांगितलं होतं, "वर वारा आहे. मी उचलत नाही." आमच्या मोठ्या साहेबांनी खालून उत्तर दिलं, "पान हलत नाहीये मामा. भिरभिरं बिघडलंय, इंजिनिअरने लिहून दिलंय. उचला." मामांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा उचललं.

इंजिनिअरने लिहून दिलं होतं, हे खरं आहे. १२ जानेवारीच्या नोंदीत, माझ्या अक्षरात: "वारामापी सदोष. आकडे ग्राह्य धरू नयेत." खाली माझी सही. मी खाली जमिनीवर उभा राहून तीन मोजले होते, त्यावरून वरचे एक्केचाळीस खोटे ठरवले. वर जाऊन बघितलं नव्हतं. मामांना विचारलंही नव्हतं.

आता कोंडी बघ. यंत्र बिघडलेलं होतं असं ठरलं तर मी सुटतो, फार तर ते पुरवणाऱ्यावर जाईल. यंत्र बरोबर होतं हे मी सिद्ध केलं तर मामा सुटतात आणि मी अडकतो. आणि हे सिद्ध करण्याच्या मागे महिनाभर मीच लागलोय, फुगे सोडतोय, शिड्या चढतोय. ही म्हणते, "स्वतःच्या पायावर धोंडा मारायला एवढी मेहनत कुणी घेत नाही."

मोठ्या साहेबांनी काल केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच ओळखलं. म्हणाले, "तू फक्त एवढंच म्हण, भिरभिरं बिघडलेलं होतं. तुझी नोंद आहेच. मामा नाहीतरी दोन वर्षांत निवृत्त होणार."

मी काय केलं? चहा प्यायलो.

धाकटा


१६ फेब्रुवारी

ताई,

चौकशी झाली. तुझं उत्तर आलं नाही. आता आलं तरी उपयोग नाही, पण सवय लागलीय म्हणून लिहितो.

लांब टेबल, पलीकडे तिघं. दोघे मुख्य कार्यालयातले, एक सरकारी निरीक्षक. मोठे साहेब बाजूला. मामा भिंतीपाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर हात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मला विचारलं, "वारामापी सदोष असल्याची नोंद तुमची आहे?"

"माझी आहे."

"म्हणजे यंत्र बिघडलेलं होतं."

मी म्हणालो, "नाही. यंत्र बरोबर होतं. नोंद चुकीची होती."

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी आकडे काढले. एकवीस सकाळचे, वरचे आणि खालचे, तापमानाचे चार. फुग्यांचं सांगितलं. धुराचं सांगितलं. एकशे दहा मीटरवर वारा होता, मामांनी तो सांगितला होता, आणि माझ्या सहीमुळे कुणी त्यांचं ऐकलं नाही, एवढं सगळं सांगितलं. आवाज चढला माझा. मला वाटतं मी टेबलावर हातही आपटला.

मुख्य कार्यालयातला एकजण विचारतो, "तुम्हाला हवामानाची एवढी आवड कधीपासून?"

आवड! मी म्हणालो, "आवड नाही साहेब, डोक्याला ताप आहे. आमच्या घरात एकीला आहे आवड."

निरीक्षक मात्र बाई हुशार. तिने एवढंच विचारलं, "हे तुम्हाला अपघाताआधी कळू शकलं असतं का?"

"वर गेलो असतो तर, हो."

"का नाही गेलात?"

कागदावरचं काम कागदावर होत होतं, एवढंच.

निकाल लगेच लागला. मामांवरचा शेरा काढला. मला साइटवरून काढून गोदामात टाकलं, तिथे क्रेनच्या जुन्या दोऱ्या आणि हुक तपासायचे, आणि सहीचा अधिकार एक वर्ष बंद. मोठ्या साहेबांना समज. पॅनेलं आता साडेनऊनंतरच उचलायची, असं परिपत्रक निघालं. त्यात माझं नाव नाही, आणि ते बरंच आहे, कारण सगळे त्याला शिव्या घालताहेत.

बाहेर आल्यावर मामा जिन्यात भेटले. मला वाटलं, दोन चांगले शब्द बोलतील. माणूस आहे मी, वाटतं.

मामा म्हणाले, "एक महिना घरी बसलो. आमची ही मला विचारायला घाबरायची. तिला वाटलं, माझ्या हातून माणूस मेला आणि मी सांगत नाही."

मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं."

"ते आत बोललात, ऐकलं मी." चार पायऱ्या उतरून ते परत वळले. "पण मला अपघाताच्या आधी विचारलं असतंत ना, साहेब, तर एका चहात सांगितलं असतं. एवढे फुगे कशाला?"

आणि गेले.

धाकटा


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानं! साडेतीन पानं हवा आणि अर्ध्या पानात मी.

हवेचा भाग दोनदा वाचला. माझे आकडे जुळतात, तो थर, त्यावरून पळणारा वारा, सगळं बरोबर, असं तू लिहिलंस. "तापमान चारच दिवसांचं आहे, हे निष्काळजीपणाचं आहे" असंही लिहिलंस. आमच्या क्रेनवर जे दिसलं तसं मोजायला तुमच्या खात्याला खांब उभे करावे लागतात, आणि शहरात शेकडो क्रेन उभ्या असून त्यांचे आकडे कुणी मागत नाही, हेही लिहिलंस. नवीन ऑपरेटरला विचारतो. मामांना विचारायची हिंमत अजून नाही.

आता ते अर्धं पान. तू लिहिलंस: "वाऱ्याचं तुझं बरोबर आहे. बाबांच्या आजारपणाचा निरोप तू मला कसा दिलास, तोही एकदा असाच नीट तपास."

तपासायला काय, पाठ आहे मला.

मंगळवारी सकाळी बाबांना झटका आला. दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा." तू डोंगरावरच्या वेधशाळेत होतीस. मी तुला निरोप पाठवला: "बाबांना जरा बरं नाही. काळजीचं कारण नाही. सवडीने ये." हे शब्द माझे आहेत. तू शुक्रवारी आलीस, सवडीने. तोवर सगळं आटोपलं होतं. आणि घरात माणसं बसलेली असताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तिला कळवलं होतं. तिला ढगांमधून सवड झाली नाही." तू माझ्याकडे बघितलंस. पिशवी उचललीस आणि निघून गेलीस. काकांनी मला थोपटलं.

का असं केलं? सहा वर्षं मी स्वतःला सांगितलं की तुला धक्का बसू नये म्हणून. खरं कारण अगदी क्षुद्र आहे. अकरा वर्षं बाबांचं सगळं मी केलं, औषधं, दवाखाने, दाढीसुद्धा. आणि बोलता येत होतं तोवर मंगळवारी ते एकच विचारत होते, तू कुठे आहेस. माझ्या हातात हात देऊन तुझं विचारत होते. मला राग आला. तेवढाच एक दिवस मला ते माझे हवे होते.

लिहिलं. आता काय ते तू ठरव. ५ मार्चला तू कामानिमित्त इकडून जाणार आहेस, बसस्थानकावर चाळीस मिनिटं आहेत, "यायचं तर ये" असं तू शेवटी लिहिलंस. येतो.

तुझा धाकटा भाऊ


६ मार्च

ताई,

काल घरी आलो आणि हिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "चाळीस मिनिटं झाली."

तुझे केस एवढे पांढरे झाले असतील असं वाटलं नव्हतं. तुला मी लठ्ठ वाटलो असेन. बाकावर बसल्यावर पंधरा मिनिटं तू मला तापमान कसं मोजायचं ते समजावलंस, सावलीत, जमिनीपासून किती वर, कुठल्या मिनिटाला. मी मान हलवत होतो. इतका चिडलो होतो मी आतून. मला ओरड, शिव्या दे, उठून जा, काहीतरी कर, असं म्हणावंसं वाटत होतं. आणि तू मला सावली शिकवत होतीस.

मग तू एकदम विचारलंस, "डॉक्टरांनी बोलावून घ्या म्हटलं तेव्हा किती वाजले होते?"

"चार," मी म्हणालो.

"दुपारचे चार." तू बोटांवर मोजलंस, लहानपणी मोजायचीस तसं, अंगठ्याने पेरं धरून. "डोंगर उतरायला दोन तास. जीप मिळाली असती. सात धर. खालच्या गावातून अकराची बस. आठला इथे."

"हो."

"ते किती वाजता गेले?"

"बुधवारी सकाळी साडेनऊला."

तू बोटं थांबवलीस. "दीड तास," म्हणालीस. "ओळखत होते?"

"डोळे उघडे होते. नाव घेतलं की वळत होते."

तू मान खाली घालून बसलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. रडलीही नाहीस. बाजूच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा मला कळलं की रडत मी होतो. बस लागली. तू पिशवी उचललीस. पायरीवर चढताना म्हणालीस, "रोज लिहीत जा. आकडे." दार लागलं. तू खिडकीशी बसलीस, पण पलीकडच्या.

आजपासून रोज सकाळी आकडे पाठवेन. आज साइटवर मामांकडे गेलो होतो. ते पुन्हा क्रेनवर रुजू झालेत. त्यांनी मला बाहेर अर्धा तास उभं केलं, मग खोक्यातून वॉकीटॉकीवर विचारलं, "किती वाजताचा आकडा हवा तुमच्या ताईंना?" सोबत पहिला कागद आहे.

पण एक गोष्ट बाकावर सांगितली नाही, म्हणून हे पत्र. तू बोटांवर हिशोब करत होतीस तेव्हाच सांगायला हवी होती. तोंडाशी आली होती. तू जीप, अकरा, आठ असं म्हणत गेलीस, आणि मी फक्त "हो" म्हणालो.

ताई, तो हिशोब मी तेव्हाच केला होता. मंगळवारी दुपारी, दवाखान्याच्या दारातल्या टेलिफोनपाशी बसचं वेळापत्रक लावलेलं होतं. निरोप पाठवण्याआधी मी त्यावर बोट फिरवलं. अकराची बस मला दिसली. ती आठला पोचते, हेही दिसलं. मग मी निरोप सांगितला.

तुझा भाऊ